मुन्सफाची खुर्ची आणि सासूबाईंचा बोळ

कोल्हापूर, शुक्रवार पेठ
कार्तिक वद्य सप्तमी, शके १८२८

राजमान्य राजेश्री साडूभाऊ जोतीराव वकीलसाहेब, मुक्काम बेळगाव, यांचे सेवेशी हंबीररावाचा रामराम पोचावा.

इकडं आम्ही सगळे खाऊनपिऊन धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. मागं वैद्यानं दिलेला लेप लावून तुमचा गुडघा बरा झाला आणि हाताला पुरळ उठलं असं ऐकलं, तेव्हा आता हाताला काय लावता तेही कळवा. सौ. आक्कांचा खोकला थंडीत वाढतो, त्यांना पहाटे अंगणात जाऊ देऊ नका. (माझं त्या ऐकणार नाहीत आणि तुमचंही ऐकत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी थोरल्या मेव्हणीची चौकशी केल्याशिवाय पत्र पुढं सरकू नये.)

तुम्ही विचारलंत की गडहिंग्लजच्या मुन्सफाच्या जागेवर ख्वाजासाहेब शिकलगार यांची नेमणूक झाल्याचं गॅझेटात वाचलं, मग माझ्या नावाचं काय झालं. साडूभाऊ, प्रश्न रास्त आहे. मीच तुम्हाला भाद्रपदात लिहिलं होतं की जागा माझीच, फक्त हुकूम निघायचा बाकी आहे. आजही माझं तेच मत आहे. माझ्यात काही उणं निघालं असा कुणी तिकडं बोभाटा केला असेल तर त्याला हे पत्र वाचून दाखवा. (सगळं नको. कुठवर वाचायचं ते तुम्हालाच कळेल.)

पूर्वी मुन्सफ कसा नेमत ते तुम्ही जाणता. कुणाचा मामा दरबारात, कुणाचा व्याही कचेरीत, कुणी दिवाणखान्याच्या पायरीवर महिनोन्महिने बसून पायरी गुळगुळीत केलेली. हल्ली हवा बदलली आहे. शेतकऱ्यांच्या, बलुतेदारांच्या, मुसलमानांच्या पोरांनी शिकावं आणि कचेरीतल्या खुर्च्यांवर बसावं असं सरकारच्याच मनात आहे, म्हणून तर कसबा बावड्याचा हा नांगरधारी वकील झाला. या खेपेला दरबारानं नेमलेल्या कमिटीनं ठरवलं की शिफारशीची चिठ्ठी कुणाची पाहायची नाही. उमेदवारानं काही दिवस इथल्या कोर्टात हंगामी मुन्सफ म्हणून प्रत्यक्ष बसायचं, खरे दावे चालवायचे, खरे निकाल द्यायचे, आणि मोठ्या जज्जसाहेबांनी बाजूला बसून ते पाहायचं. ज्याचं बसणं पसंत पडेल त्याची नेमणूक. मला ही रीत फार आवडली. बसण्यात मी कुणाला हार जाणारा नाही.

तिघे उमेदवार होतो. एक मुंबईहून आलेले बी. ए., एलएल. बी. त्यांनी पहिलाच निकाल इंग्रजीत असा झडझडून वाचला की दावा जिंकलेला कुणबी रडायला लागला आणि हरलेल्यानं पेढे आणायला माणूस पाठवला. ते तिथंच बाद झाले. दुसरे आपले ख्वाजासाहेब. माणूस सज्जन, आवाज हळू, पानसुपारीसुद्धा विचारून खाणारा. आणि तिसरा मी.

मी तयारीत कसूर ठेवली नव्हती. घरी सोप्यावर उंच पाट मांडून रोज संध्याकाळी बसत होतो. सौ. चिमणाबाई आधी वादी होई, मग पदर दुसऱ्या खांद्यावर घेऊन प्रतिवादी होई. पण दोन्ही बाजूंनी ती माझ्याच विरुद्ध बोलते असं ध्यानात आल्यावर मी आमचा गवळी गुंडू आणि शेजारचा बादशहा पिंजारी यांना बसवलं. खोटाच दावा दिला, म्हशीनं गादी खाल्ल्याचा. दोघं इतक्या जीव तोडून भांडले की आता खरोखरच बोलत नाहीत, आणि गुंडू पिंजाऱ्याच्या घरी दूध घालत नाही. पण निकाल चोख होता. बावड्याला तर आमच्या आईनं, धोंडुबाईनं, भावकीत सांगूनच टाकलं होतं की पोरगा जज्ज झाला. मी म्हटलं, आई, अजून व्हायचाय. ती म्हणाली, "व्हायचाय म्हंजे झालाच की. पेरलंय तर उगवणारच न्हाय का?" भावकीनं मिरवणुकीसाठी बैलांची शिंगं रंगवायला घेतली.

ख्वाजासाहेबांची पाळी माझ्याआधी आली. मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसलो, काय टाळायचं ते शिकावं म्हणून. पहिलाच दावा पुकारला आणि साहेब खुर्चीवरून उठून उभे. म्हणाले, "प्रतिवादी माझ्या मामेभावाचा सासरा लागतो. हा दावा मी चालवू नये. दुसऱ्या कोर्टाकडं द्यावा." झालं, गेले ते कागद. मोठ्या जज्जसाहेबांनी मान डोलावली आणि काहीतरी टिपून घेतलं. मला खरंच वाईट वाटलं, साडूभाऊ. मामेभावाचा सासरा. एवढ्या लांबच्या नात्याला जो भ्यायला तो उद्या गडहिंग्लजला काय न्याय करणार? सगळ्या गडहिंग्लजमध्ये कोण कुणाचा काही लागत नाही असा माणूस सापडायचा नाही. मी मनात म्हटलं, ख्वाजासाहेब, तुमचं झालं.

मग माझी पाळी. पगडी नवी, अंगरखा इस्त्रीचा, कपाळावर गंध बारीक. बेलीफानं पुकारा केला आणि माझ्यापुढं कागद ठेवले. वादी विठाबाई, राहणार मंगळवार पेठ. प्रतिवादी रोशनबी, राहणार सदर.

आपल्या सासूबाई.

तुम्हाला या भानगडीचं थोडं कळलं असेल, तरी सांगतो. सासूबाईंच्या घराच्या कडेचा तो अरुंद बोळ तुम्हाला आठवतो, ज्यातून तुम्ही लग्नात पालखीसारखे आडवे होऊन गेला होता. त्या बोळाच्या टोकाला रोशनबीचं घर. ती बांगड्या भरते. सगळ्या पेठेतल्या बायका त्याच बोळातून तिच्याकडं जातात, तिच्या सासूच्या वेळेपासून. यंदा नागपंचमीला रोशनबीनं पलीकडच्या घरातल्या बयाबाईला आधी बांगड्या भरल्या आणि सासूबाईंना ताटकळत बसवलं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून बोळाला फाटक लावलं, वर कुलूप. बायकांना मागून सगळा वळसा घालून, उकिरड्यावरून जावं लागे, म्हणून त्या जाईनाशा झाल्या. रोशनबी विधवा, घरात लेकी, बांगड्यांवरच चूल. तिनं थोडे दिवस वाट पाहिली आणि एका सकाळी फाटक उचकटून सासूबाईंच्या ओसरीवर नीट उभं करून ठेवलं. झालं, सासूबाईंचा दावा. बोळ माझा, रोशनबीला त्यातून जायला मनाई व्हावी. आधी त्या माझ्याकडंच आल्या होत्या वकीलपत्र घेऊन. मी म्हटलं, मामी, मी जज्ज व्हायच्या गडबडीत आहे, आणि हा दावा लावूही नका. तेव्हापासून त्या माझ्याशी भिंतीकडं बघून बोलतात. त्यांनी बाळासो वकिलाला धरलं.

आता कुणी म्हणेल, हंबीरराव, तू तिथंच उठून का सांगितलं नाहीस. ऐका. कोल्हापुरात इतके दावे पडलेत, आणि माझ्यापुढं पहिला यावा तो माझ्याच सासूचा? असं आपोआप होतं का? मी बाजूला बसलेल्या मोठ्या जज्जसाहेबांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा अगदी निर्विकार. तेवढ्यावरून मी ओळखलं की ही परीक्षा आहे. कमिटीनं मुद्दाम शोधून माझी सासू माझ्यापुढं उभी केली आहे, हा डगमगतो का ते पाहायला. मामेभावाच्या सासऱ्याला भिणारा एक पाहिला, आता सख्ख्या सासूपुढं न भिणारा बघा म्हटलं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "चालवा."

सासूबाई पिंजऱ्यात आल्या. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ. शपथ घेतली ती माझ्याकडं न बघता, खिडकीकडं बघून. बाळासोंनी त्यांना पढवून आणलं होतं. बोळ कुणाचा, तर माझा. कधीपासून, तर माझ्या सासऱ्यापासून. रोशनबी कधीपासून जाते, तर हल्ली हल्ली, ते बी माझ्या परवानगीनं. सगळं तोंडपाठ. बाळासो खूश होऊन बसले.

मग रोशनबीला मी विचारलं की तुला काही विचारायचं आहे का. तिला वकील नव्हता. ती पदर सावरून उभी राहिली आणि सासूबाईंना म्हणाली, "विठामावशी, माझी सासू कुठनं यायची तुमच्याकडं?"

एवढंच विचारलं. साडूभाऊ, आपल्या सासूबाईंचा राग तुम्हाला माहीत आहे तशी त्यांची दुसरी खोडही माहीत आहे. जुनी गोष्ट कुणी छेडली की त्या पढवलेलं सगळं विसरतात. त्यांनी प्रथमच खिडकीवरची नजर काढली.

"तुझी सासू?" त्या म्हणाल्या. "तुझी सासू व्हती म्हणून मी आज हितं उभी हाय. भर दुपारचं माझ्या पोटात उठलं, घरात कोण न्हाय, सुईण गेलेली कळंब्याला. मी भितीवर वाटी बडवली तवा ती बाई हाताला पीठ तसंच घिऊन ह्या बोळातनं पळत आली. जरा उशीर झाला असता तर मी बी न्हाय आन पोरगी बी न्हाय."

"ह्याच बोळातून?" मी विचारलं. (हे विचारणं कोर्टाचं कामच होतं.)

"मग काय कौलावनं उडून येणार व्हती व्हय? ह्याच बोळातनं. रोजच यायची की ती."

"कधीची गोष्ट?"

आणि तेव्हा सासूबाईंनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कधीची म्हंजे? तुमची बायकू जल्मली तवाची. जावईबापू, तुमास्नी ठावं न्हाय व्हय?"

मोठ्या जज्जसाहेबांनी हातातला टाक खाली ठेवला. बाळासो कागदात तोंड घालून बसले. आणि रोशनबी, जिचा सगळा संसार त्या उत्तरावर टांगलेला, ती सासूबाईंकडं अशी बघत होती की जणू आत्ताच तिला तिची सासू परत भेटली.

तुम्ही वकील आहात, वीस वर्षांच्या वहिवाटीचा कायदा तुम्हाला सांगायला नको. वाट वीस वर्षं उघडपणे चालत आलेली असली की ती अडवता येत नाही. सवाल एवढाच उरला की ती दुपार वीस वर्षांमागची आहे की अलीकडची. म्हणजे माझ्या बायकोचं वय काय. ती मला लग्नापासून एकच वय सांगत आली आहे, दरवर्षी तेच. मी विचारलं, "साल कोणतं?" सासूबाई म्हणाल्या, "मोठा दुष्काळ सरला, त्याच्या दुसऱ्या वर्साला." मी तिथंच बोटांवर हिशेब केला आणि मोठ्यानं सांगितला. अठ्ठावीस. मी थक्क झालो, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. कोर्टानं थक्क होऊ नये.

निकाल मी तिथल्या तिथं दिला. वादीच्याच साक्षीवरून वाट वीस वर्षांहून जुनी शाबीत होते, दावा रद्द, बोळ उघडा. कारणं सविस्तर लिहिली, दुष्काळासकट, दुपारीसकट. खाली सही ठसठशीत केली. सासूबाईंविरुद्ध निकाल देणारा जावई अख्ख्या करवीर इलाख्यात पहिलाच असेल. मी मान वर करून मोठ्या जज्जसाहेबांकडं पाहिलं, आता पाठ थोपटतील म्हणून.

त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. खुर्ची दिली नाही.

"हंबीरराव, निकाल बरोबर आहे," ते म्हणाले.

"होय साहेब."

"पण तो द्यायचं काम तुमचं नव्हतं. वादी तुमची सासू आहे हे कोर्टाला साक्षीदाराच्या तोंडून कळावं?"

मी म्हटलं, "साहेब, मी ही परीक्षा समजलो. आपणच मुद्दाम माझ्या सासूबाईंना आणलंत असं वाटलं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "दरबाराकडं साधनं पुष्कळ आहेत, पण तुमच्या सासूबाईंना हजर करण्याइतकी नाहीत." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "समजा निकाल सासूबाईंच्या बाजूनं द्यायची वेळ आली असती, आणि तोच बरोबर असता. रोशनबीनं तो बरोबर मानला असता का?"

साडूभाऊ, खरं सांगतो. माझ्या डोक्यात आपल्या माणसाविरुद्ध जायचं धैर्य एवढंच होतं. त्या बाईनं दारातून आत येतानाच काय विचार केला असेल, समोर वादीचा जावई बसलेला पाहून, आणि तरी ती एक प्रश्न विचारून गप्प उभी राहिली, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. सगळ्या पेठेला मी कोण ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कोर्टाला.

साहेबांनी सांगितलं की निकाल रद्द होईल, दावा नव्यानं चालेल, आणि गडहिंग्लजची जागा ख्वाजासाहेबांना. मी म्हटलं, योग्य आहे. (हे मी मोठेपणानं म्हटलं, पण म्हणून झाल्यावर ते खरंही वाटायला लागलं.)

बाहेर व्हरांड्यात ख्वाजासाहेब उभे होते. मी अभिनंदन केलं. ते म्हणाले, "हंबीरराव, तुमच्या सासूबाईंसारखी साक्षीदार मला एखादी मिळाली तर मी दरबाराचा आभारी होईन." माणूस वाईट नाही. जरा हळू बोलतो एवढंच.

तिथून मी तडक बावड्याला गेलो, मिरवणूक थांबवायला. शिंगं रंगवून झाली होती, गाडीला केळीचे खांब बांधले होते, लेझीमवाले येऊन बसले होते. आईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बांगडीवालीची वाट उघडली का?" मी म्हटलं, माझा निकाल रद्द होणार आहे, पण सासूबाईंचं बोलणं सगळ्यांनी ऐकलंय, वाट आता कुणाला अडवता यायची नाही. "मग झालं की," ती म्हणाली, "गाडीत बस." मी म्हटलं, आई, मी जज्ज झालो नाही. तर भावकीतले थोरले म्हणाले, थोडा येळ का हुईना, झालतास न्हवं? आन शिंगाचा रंग आता निघत न्हाय. मला बसवलं आणि गावातून फिरवलं. पहिल्या वळणापर्यंत मला लाज वाटत होती. पुढं नाही वाटली.

तर हकिकत ही अशी. वकिली जोरात आहे, उलट वाढली आहे. सासूच्या विरुद्ध निकाल देणारा वकील म्हटल्यावर लोक लांबून येतात, विशेषतः जावई. पुढच्या खेपेला जागा निघाली की अर्जात पहिल्या ओळीतच माझे सगळे नातेवाईक लिहून टाकणार आहे, मग कोण काय म्हणणार. तुमच्या गुडघ्याला, आक्कांच्या खोकल्याला आणि घरातल्या लहानमोठ्यांना सुख लाभो. आपला लोभ आहेच, तो थंडीत आकसू देऊ नका.

आपला धाकटा साडू,
हंबीरराव

ता. क. सासूबाईंनी दावा काढून घेतला. नव्यानं चालणार म्हटल्यावर त्या बाळासोंना म्हणाल्या, "एकदा खरं बोलून बसले, आता फिरून काय खोटं बोलू?" फाटक त्यांनी म्हशीच्या गोठ्याला लावलं. परवा जाऊन पाहिलं तर रोशनबीच्या ओसरीवर बसून हिरव्या बांगड्या भरून घेत होत्या, आणि बयाबाई ताटकळत उभी होती. माझ्याशी मात्र अजून भिंतीकडं बघूनच बोलणं चालू आहे.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसलो ते ज्यासाठी, ते राहूनच गेलं. सौ. चिमणाबाई त्याच संध्याकाळपासून माहेरी आहे. आईविरुद्ध निकाल दिला याचं तिला काही नाही, ते बरंच केलंत म्हणाली. पण कोर्टाच्या कागदात, सरकारी शाईनं, "वय अठ्ठावीस" असं लिहिलंत, आणि ते कारकुनांनी वाचून सगळ्या पेठेत सांगितलं, याला ती क्षमा करायला तयार नाही. निकाल रद्द झाला तरी कागद दफ्तरात आहेच. ते वाक्य खोडून निघेपर्यंत परत येणार नाही असा तिचा निरोप आहे. मी स्वतः अर्ज केला तर पुन्हा तेच, घरचा मामला. तेव्हा साडूभाऊ, तुम्ही कृपा करून या आणि तेवढं वय काढून टाकायचा अर्ज चालवा. इथल्या कोर्टात उभं राहायची परवानगी मी मिळवून देतो. मी हल्ली स्वतः भाकरी थापतो. जास्त काय लिहू.

ता. क. तिसरा. सौ. आक्का चिमणाबाईपेक्षा मोठ्या, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या आधीच्या. माझा तो निकाल वाचून कुणीही त्यांचंही वय काढू शकतो, आणि चिमणाबाईनं तसं त्यांना कळवल्याचं मला आत्ताच कळलं. त्यांचा खोकला थांबून त्या बोलू लागायच्या आत तुम्ही निघावं हे उत्तम. आणि कोर्टात आल्याबरोबर, काहीही बोलायच्या आधी, तुमचा यात काय संबंध आहे ते उभं राहून सांगून टाका.